उसातली वाट

माझं माहेर आणे गावचं, पठारावरचं. तिथं पाण्याची बोंब, पण नजर कुठं अडत न्हवती, बाजरीच्या रानातनं आय हाक मारायची ती दोन वावरं पल्याड आयकू यायची. मला निमगाव सावाला दिली तवा आमचं बापू समद्यांना सांगत फिरलं, पोरगी पाटाच्या पाण्याला पडली म्हणून. आन् खोटं न्हवतं ते. हिकडं आल्यापासनं लांबनं हंडा न्हाई वाहिला मी, ते सुखच म्हणायचं.

तवा हितं कांदा, हरभरा, भुईमूग व्हता. खुरपायला आमी बाया सावडीनं जायचो, सावड म्हंजे आज समद्या माझ्या रानात, उद्या तिच्या, पैशाचं नाव न्हाई. शेजारची शकू कायम माझ्या जोडीला. काय सांगू तुम्हाला, खुरपं चालायचं तसं त्वांड चालायचं. कुणाचा नवरा पिऊन आला, कुणाची सासू बोलली, समदं तिथंच निघायचं नि तिथंच मिटायचं. एखादीला दिस गेलेले असले तर बाकीच्या तिच्या वाट्याची पात उरकायच्या.

मग ऊस आला. उसाला बाया लागत न्हाईत, तणाला औषध मारत्यात, तोडायला टोळी भाईरनं येती. दत्ता, माझा ल्योक, वंगाळ न्हाई, लई कष्टाळू हाय, उसावरच घराला स्लॅब पडला, माझ्या डोळ्याचं आपरेशन झालं. उसाला मी शिव्या कशी देऊ? पण पार अंगणापतुर ऊस आला बघा, आन् उसात बिबट्या. शकूचं घर हाकंच्या अंतरावर, पण मधी आमचाच ऊस. दिस कलला की दार लावायचं, मी नि सून टीवी बघत बसायचं. बापे गाडीवर फिरत्यात. मला गाडी येत न्हाई, आन् रस्त्यानं जायचं तर लांबनं वळसा, त्योबी उसातनंच. शकू भेटती ती कुणाच्या लग्नात, एरवी न्हाई. कोंडल्यावानी व्हतं राव.

दत्ताला म्हणलं, आपल्या अंगणापासनं शकूच्या दारापतुर पट्टा मोकळा ठेव. त्यो म्हणला, आये, तेवढ्या पट्ट्यात किती टन ऊस निघतो ठावं हाय का? मला न्हाई ठावं. मी म्हणलं, मग मी घरात कोंडून बसती त्याला टनाला काय भाव? त्यो हसला, त्याचा बा, आमचं मालक, ते बी हसलं. मला काय हसायला आलं न्हाई.

औंदा तोड झाली नि सकाळच्याला शकू तिच्या दारात उभी दिसली. तिनं पदर हलवला. मी कुदळ घेतली नि माझ्या बाजूनं बुडखे उपटायला लागली, त्या बुडख्यातनंच परत ऊस फुटतो ना. जरा वेळानं बघती तर ती बी तिच्या बाजूनं उपटतीय. कुणी कुणाला सांगितलं न्हवतं. मधी भेटलो तवा दोघींची कंबर मोडलेली, तिथंच पाचटावर बसलो नि लई बोललो, रडलो बी. मग रोजचं येणंजाणं चालू झालं.

ऊस गुडघ्याला आला तवा दत्ताच्या ध्यानात आलं. त्याला वाटलं, बुडखे मेले. ऊसवाल्याला तसंच दिसणार. त्यानं नर्सरीतनं रोपं आणली नि म्हणला, आये, तू रिकामीच हायस, तेवढ्या नांग्या भरून घे. नांग्या म्हंजे उसातल्या मोकळ्या जागा. मी म्हणलं, अरं ती वाट हाय, आमी केलीय. त्यानं रोपांकडं बघितलं. मग म्हणला, आता रोपं आणलीत, वाळून जात्याल, पुढच्या साली बघू. रोपं सुकाय लागलीच व्हती. जितं रोप माझ्यानं टाकवत न्हाई, काय करू? लावली. शकूच्या दाराकडनं लावत लावत माझ्या दाराकडं आली. ती उंबऱ्यावर बसून बघत व्हती. मग उठली नि आत गेली.

आता ऊस डोक्याच्या वर गेलाय. चांगला आलाय, त्याला नावं ठेवायची न्हाईत. तुमी निघा, उजेड हाय तवर. रस्त्याच्या मधनं चाला, मोबाईलवर गाणं लावा मोठ्यानं. सुखानं जा. आन् शकूच्या दारावरनं जाल ना, तिला तेवढं सांगा, मी बरी हाय म्हणून.