खिडकीकडे पाहणारे शेठजी

तुमी वाशीमच्या त्या डावाचं कौतुक करता ना, मले लाज वाटते बावा. काहून ते ऐका.

आणीबाणीच्या आधीची गोष्ट. बुद्धिबळाच्या स्पर्धेसाठी मी मालेगावहून वाशीमले गेलो. उतरलो एका जैन कापड दुकानदाराच्या घरी. तेही स्पर्धेत होते, अन् अखेरचा डाव आला तो नेमका यायच्याशीच!

दुपारी बसलो. मोहरी माह्याकडे काळी. मी पुस्तकातून घोकलेला सिसिलियन बचाव काढला, एक हत्ती मारू देला अन् त्यायच्या राजाच्या मांगं लागलो. शेठजी घडीघडी खिडकीकडे पाहून राह्यले होते. मी मनात म्हटलं, घाबरला माणूस! मंग तं मी एकेक चाल आणखीच चवीनं, विचार करकरून खेळलो. दिवे लागले तवा त्यायनं आपला राजा आडवा केला.

घरी आलो तं उजेडातच रांधून झाकून ठेवलेलं एकच ताट.

"शेठजी, तुमचं?"

"आमी दिवस बुडाल्यावर जेवत नाही."

मले ते खिडकीकडे पाहणं आता समजलं.

"अहो, मंग सांगायचं ना! जेवून आले असते. डाव काय पळून चालला होता?"

"कसं सांगू? तुमी किती खुश दिसून राह्यले होते!"

तेवढ्यात आतून वहिनींनी विचारलं, "कोण जिंकलं हो?"

शेठजी हसून म्हणाले, "आपले पाहुणे! त्यायच्या पोळीवर तूप वाढ."