मांडीवरची पिशवी

स्मिता : नाही म्हणजे नाही. मी पहिल्या रांगेत येऊन बसणार नाही, आणि तुमच्या त्या गोष्टीला टाळ्याही वाजवणार नाही.

दिलीप : बघ वैदेही, सकाळपासून हे असं चाललंय. संध्याकाळी ज्येष्ठ नागरिक संघात माझं भाषण, गेटवर बोर्ड लागलाय, आणि घरचंच माणूस रुसून बसलंय.

स्मिता : रुसायला मी काय नवी नवरी आहे? मला राग आलाय. रुसवा कुठला नि राग कुठला, हे इतका संसार करूनही तुम्हाला कळलं नाही.

वैदेही : आई, बाबा, एक मिनिट. मला आधी ह्या स्लाइड्स संपवू द्या, मग तुमचं चालू द्या. माझा ऑफिसचा कॉल आहे नंतर. बाबा, टायटल हेच ना? 'रोममध्ये सुरक्षित कसे राहावे : एका प्रवाशाचे अनुभव'.

दिलीप : 'एका सजग प्रवाशाचे'. सजग घाल.

स्मिता : घाल बाई, सजग घाल. नुसत्या प्रवाशानं त्यांचं भागत नाही.

वैदेही : ओके. पासपोर्टची झेरॉक्स वेगळी ठेवा, मोबाइलमध्ये फोटो ठेवा. बॅग नेहमी पुढे, छातीशी. मग ते फोटो काढायच्या जागी कोणी हातात दोरा बांधायला आलं किंवा गुलाब पुढे केला तर घेऊ नका, नंतर पैसे मागतात.

स्मिता : गुलाबाचं सांगायला त्यांना पूर्ण अधिकार आहे. जन्मात कुणाकडून घेतला नाही की कुणाला दिला नाही.

दिलीप : स्मिता, हा विनोदाचा विषय नाही. आपल्यातले किती जण आता मुलांकडे, टूरवर परदेशात जातात. अवेअरनेस पाहिजे. वैदेही, तो इमर्जन्सी नंबर टाक, एकशे बारा. आपल्याकडेही तोच आहे हे मी आवर्जून सांगणार. म्हणजे लोकांच्या डोक्यात बसतो.

वैदेही : टाकला. मग आता 'बसमधला प्रसंग'. इथे फक्त हेडिंग आहे, फोटो नाहीये.

दिलीप : तिथे फोटो नको. ते मी बोलूनच रंगवणार. सेक्रेटरी म्हात्र्यांना सांगून ठेवलंय, त्या वेळी हॉलमधले दिवे जरा कमी करा.

स्मिता : का? तोंड दिसू नये म्हणून?

दिलीप : हे बघ, आता पुरे.

वैदेही : पण आई, तुमचा प्रॉब्लेम काय आहे? बाबांनी चोर बाई पकडली ना तिकडे? अभिराम तर ऑफिसमध्ये सगळ्यांना सांगतो.

स्मिता : तुझा नवरा सांगतो, तुझ्या माहेरी सांगतात, द्रोणागिरीला ह्यांची बहीण शेजारणींना गोळा करून सांगते. 'वहिनीची बॅग गेलीच होती, दादानं झडप घातली म्हणून वाचली.' मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर यायचं आणि उभ्यानं ऐकायचं.

दिलीप : मग त्यात खोटं काय आहे? बॅग त्या बाईच्या मांडीवर होती की नव्हती? दोन्ही हातांनी धरून बसली होती की नव्हती?

स्मिता : होती. दोन्ही हातांनी धरून बसली होती. ती तिच्या मांडीवर आली कशी, ते सांगा की सुनेला.

दिलीप : आत्ता त्याला वेळ नाहीये.

वैदेही : कशी आली?

दिलीप : अगं काही नाही. बसला मरणाची गर्दी. गर्दीत काय काय होतं.

स्मिता : मी सांगते. मी जासईच्या शाळेत शिकवायला जायचे, हे तुला माहीत आहे. वाशीहून उरणची बस. बसायला जागा मिळाली तर तो दिवस चांगला. त्या बसमध्ये उभ्या बाईनं बसलेल्या बाईच्या मांडीवर पिशवी ठेवायची, हे कुणी कुणाला विचारत नसे. मासळीवाली असो, नर्स असो, मास्तरीण असो. बसलेली हात पुढे करते, उभी पिशवी देते, उतरताना घेते. नाव माहीत नाही, गाव माहीत नाही. माझ्या पोरांच्या उत्तरपत्रिका किती जणींच्या मांडीवरनं आल्या असतील. मी संकोच केला तर एखादी म्हातारी दटावायची, 'आन गं बाय हिकरं, हात भरून येतील तुजं.'

वैदेही : थांबा. आई, तुम्ही रोमच्या बसमध्ये बॅग त्या बाईला दिलीत?

स्मिता : दिली. स्टेशनवरून त्या मोठ्या चर्चकडे निघालो होतो. गाइड पुढं दाराशी, ग्रुपची माणसं सगळीकडे विखुरलेली, हे मधे, मी मागं. ड्रायव्हर असा काही ब्रेक मारत होता की बोलायची सोय नाही. एका हातात दांडा, दुसऱ्या हातानं ती बॅग छातीशी आवळलेली, ह्यांच्या हुकुमाप्रमाणे. माझा गुडघा तुला माहीत आहे. समोर बसलेली बाई माझ्याच वयाची असेल. लांब फुलाफुलांचा घागरा, डोक्याला रुमाल, मांडीवर बाजार. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि आपली भाजी एका बाजूला सरकवून मांडीवर जागा केली. मी बॅग ठेवली. त्यात विचार कसला करायचा?

वैदेही : पासपोर्टसकट?

स्मिता : पासपोर्टसकट. आणि चिवडा होता.

दिलीप : ऐकलंस? ऐकलंस ना आता? परक्या देशात, परक्या बाईच्या मांडीवर दोघांचे पासपोर्ट. जायच्या आधी मी रोज रात्री व्हिडिओ लावून हिला दाखवत होतो, बॅग अंगावेगळी करायची नाही. आणि हिनं काय केलं, आपल्या हातानं उचलून दिली. चोराला कष्टसुद्धा नकोत.

स्मिता : परत चोर म्हणालात.

वैदेही : आई, खरं सांगू? रिस्की होतं ते. मी पण ओरडले असते तुम्हाला.

स्मिता : मग मला ओरड ना. अडाणी म्हण, वेंधळी म्हण, मी ऐकून घेईन. माझी चूक असेल तर ती माझी. तिला कशाला ओरडायचं?

दिलीप : मला कुठे माहीत होतं तू दिलीस ते? मी वळून बघतो तर हिच्या हातात बॅग नाही, आणि ती बॅग एका घागरेवालीच्या मांडीवर. तूच सांग वैदेही, माणूस काय समजेल? सगळ्या व्हिडिओंत हेच सांगितलंय. असा वेश, अशा बायका दिसल्या की सावध व्हा.

स्मिता : वेश. पूर्वी माझ्याबरोबर जासईला यायचात, तेव्हा शेजारी टोपलीवाली बसली की तुमचा हात खिशावर जायचा. त्याला व्हिडिओ कशाला लागतात.

दिलीप : मी ओरडलो. कुणीही ओरडलं असतं. 'थीफ, थीफ.' ड्रायव्हरनं बस थांबवली.

स्मिता : बस थांबवली आणि दारं उघडलीच नाहीत. दोघा पुरुषांनी तिचे दंड धरले. तिची भाजी खाली सांडली. कसली तरी हिरवी, काट्याकाट्यांची मोठी बोंडं होती, ती लोकांच्या बुटांखाली जात होती. बाई सारखी माझ्याकडे बघत होती आणि हातानं दाखवत होती, हिनं दिली, हिनं दिली.

वैदेही : मग तुम्ही बोलला नाहीत?

स्मिता : बोलले नाही? घसा बसेपर्यंत बोलले. 'मीच दिली तिला. सोडा, मीच दिली.'

वैदेही : इंग्लिशमध्ये?

स्मिता : त्या वेळी इंग्लिश कुठून आठवणार गं. जे तोंडात आलं ते मराठीत आलं. पोलीस चढला, त्यानं मला विचारलं, मी पुन्हा तेच मराठीत. त्या बिचाऱ्याला काय कळणार? मग त्यानं ह्यांना विचारलं. हे बँकेत साहेब होते, ह्यांचं इंग्लिश फर्डं. तो म्हणाला, तुमची बायको काय सांगतेय?

दिलीप : वैदेही, तू ती स्लाइड सध्या बाजूला ठेव.

वैदेही : बाबा, तुम्ही काय सांगितलंत?

दिलीप : तू तिथे नव्हतीस. अख्खी बस आमच्याकडे बघतेय. ग्रुपमधली माणसं, आम्ही दोघं सोडून सगळी अमराठी, बघतायत. मी थीफ म्हणून ओरडून बसलोय. आता म्हणू, की नाही हो, आमच्या हिनंच दिली? सगळ्या टूरभर माझी टर उडवली असती लोकांनी.

वैदेही : काय सांगितलंत?

स्मिता : 'माय वाइफ इज अपसेट.' एवढं इंग्लिश मला कळतं.

(वैदेही लॅपटॉप मिटते.)

दिलीप : अगं, मिटतेस काय? हे बघ, तिला काही झालेलं नाही. पोलिसानं बॅग उघडून बघितली, सगळं जागच्या जागी. म्हणाला, तक्रार द्यायचीय का? मी म्हटलं, नको. आमची चर्चची वेळ चुकली असती, आणि म्हटलं, जाऊ दे, गरीब बाई आहे. मोठ्या मनानं सोडून दिलं.

स्मिता : बघ, मोठ्या मनानं. जिनं ह्यांचे पासपोर्ट सांभाळले, तिला ह्यांनी माफ केलं.

दिलीप : नंतर सोडलंच असणार तिला.

स्मिता : असणार. आपल्याला काय माहीत? तिला खाली उतरवलं, दोन पोलिसांच्या मधे उभं केलं, आणि आमची बस निघाली. मी खिडकीतून वाकून बघत होते, तर हे मला म्हणतात, बॅग पुढं घे.

वैदेही : अभिरामला माहितीये हे?

स्मिता : कुणालाच नाही. विमानात मला म्हणाले, घरी हा विषय नको, पोरांना उगाच टेन्शन. मलाही वाटलं, आपल्याच माणसाचं हसं कशाला करायचं, झाकून टाकू. मी झाकलं. आणि घरात पाय ठेवतो न ठेवतो तोच सोसायटीच्या ग्रुपवर आलं, 'रोममध्ये मराठी माणसाने चोर पकडला.' खाली सगळ्यांचे अंगठे, हार, तुताऱ्या.

दिलीप : ते म्हात्र्यांनी टाकलं. मी नाही टाकलं.

स्मिता : तुम्ही खाली हात जोडलेत.

वैदेही : बरं, असं करू या का? बाबा, तो प्रसंगच काढून टाकू. बाकीच्या टिप्स चांगल्या आहेत, लोकांच्या उपयोगाच्या आहेत. तेवढं बोला आणि खाली बसा. कोणी विचारलं तर म्हणा, वेळ नव्हता.

दिलीप : चालेल. तो भाग मी वगळतो. झालं समाधान?

स्मिता : नाही.

दिलीप : आता काय राहिलं?

स्मिता : परवा आपल्या गेटवर वॉचमननं रखमाची टोपली उपसून बघितली. पार खालची मेथी वर काढली. मी शाळेत शिकवत होते तेव्हापासून ती जासईहून भाजी घेऊन आपल्या दारात येतेय. तिची धाकटी माझ्या वर्गात होती. मी वॉचमनला विचारलं, हा काय प्रकार? तर म्हणतो, काकूजी, काकांनीच सांगितलंय सगळ्यांना, असल्या बायकांवर नजर ठेवा, ते बाहेरच्या देशात बघून आलेत.

वैदेही : रखमामावशींची टोपली?

स्मिता : ती खाली बसून जुड्या परत लावत होती. मी तिच्याबरोबर बसले लावायला. मला तिच्याकडे मान वर करून बघवेना.

दिलीप : मी रखमाचं नावसुद्धा घेतलं नव्हतं.

स्मिता : त्या बाईचं तरी नाव कुठं घेतलं होतंत?

वैदेही : बाबा, आई बरोबर बोलतायत.

दिलीप : म्हणजे तुम्हा दोघींना काय हवंय तरी काय? भरल्या हॉलमध्ये उभं राहून म्हणू, मी खोटारडा आहे? ह्या वयात? उद्यापासून सकाळी बागेत फिरायला कोणत्या तोंडानं जाऊ?

स्मिता : खोटारडा म्हणू नका. झालं तेवढं सांगा. बायकोनं आपल्या हातानं बॅग दिली, मला कळलं नाही, मी ओरडलो. आणि कळल्यावर लाज वाटली म्हणून गप्प बसलो. गाडी चुकली, पाकीट गेलं, तर काय करायचं हे सगळे सांगतात. आपल्यामुळे दुसऱ्याची अब्रू गेली तर काय करायचं, ते तुम्ही सांगा. त्या बाईपर्यंत ते पोचणार नाही. वॉचमनपर्यंत पोचेल.

दिलीप : आणि मी नाही सांगितलं तर?

स्मिता : तर मी उठून सांगीन.

वैदेही : मी बसते आईंच्या शेजारी. कॉल उद्यावर टाकते.

दिलीप : तू उठून सांगणार. चारचौघांत तुझं तोंड तरी उघडतं का? तिथं बसमध्ये एवढी ओरडलीस, कुणी ऐकलं तुझं?

स्मिता : तिथं मराठी एकट्या तुम्हाला कळत होतं. इथं हॉलभर कळतं.