चार जोड्या, आन लग्न एकाचं नाय!

अरे, पन लग्न लावा की! नुसतं बोलतात काय... आन बोलतात ते तरी समोरासमोर? ह्यो खिडकीकडं बघून बोलतो, ती त्याच्या पाठीमागं उभी ऱ्हाऊन आमच्याकडं बघून रडते! तुमाला सांगतो, दोन वर्सं बघतोय मी ती सिरेल. चार जोड्या हायेत, चार! आन लग्न एकाचं नाय!

टीव्ही आनला माझ्या पोरानं, दीपेशनं. ऱ्हातो कल्यानला. त्याची आई गेली त्या दिवाळीला खोका घेऊन आला, म्हनं, "आबा, तुमाला सोबत व्हईल." घ्या! सोबतीला मानूस नाय, खोका!

पन खोटं कशाला बोलू, सोबत झाली... खोक्याची नाय, बायांची! खर्डीकडं आमच्या वाडीत पयला रंगीत टीव्ही माझा. जेवनं उरकली की शेजारची हिरी, पारू म्हातारी, पोरंटोरं, समदी माझ्या पडवीत. मी खेकसायचो, "चपला भायेर काढा गो! त्या पोराचं नाक पुस आधी!" खेकसायला तरी कोनतरी व्हतं...

आन ह्या सिरेलवाल्यांनी माती केली! पयली जोडी रुसलेली, दुसरीतला तिसरीतलीच्या मागं, चौथीतला तर मेला, आन परत आला तो नवीन तोंड घेऊन! जुनं काय वाईट व्हतं? चार जोड्या, लग्न एकाचं नाय! बाया कटाळल्या. हिरी म्हनली, "आबा, ह्यापरास माझ्या सासूची कटकट बरी, तिच्यात रोज कायतरी नवीन असतं." एकेक करून यायच्या बंद.

मंग एक दिस जाहिरात आली... शुक्रवारी पयल्या जोडीचं लग्न! मी काय केलं? तांदळाला हळद लावली आन निघालो की दारोदार अक्षता देत, घरचं कार्य असल्यागत! हिरी हसतेय, "कुनाचं लगीन आबा? तुमचं का?"

"माझं नाय गो भवाने, त्या टीव्हीतल्या पोरीचं! यायचं समद्यांनी!"

आन आली हो समदी! पडवीत पाय ठेवायला जागा नाय. मोठ्या टोपात चहा, प्रत्येकाच्या मुठीत अक्षता. अंतरपाट धरला... भटजीनं तोंड उघडलं... आन "थांबा!" कोन? तो चौथ्या जोडीतला, नवीन तोंडाचा! मंग तीनदा नवरीचं तोंड, तीनदा नवऱ्याचं, तीनदा आत्याचं, धाड धाड धाड! पुढचं म्हनं सोमवारी! आमच्यात कोन असा बोंबलत आला असता तर मामानं दोन ठेवून दिल्या असत्या, आन लागलं असतं लग्न! पारूनं अक्षता टीव्हीवरच भिरकावल्या, "मुडदा बशिवला ह्यांचा!"

उठल्या बाया. हिरी दारातनं म्हनली, "आबा, खरंच लागंल ना, त्याच दिसी बोलवा." गेल्या. टोपात चहा तसाच. तांदूळ मीच झाडले.

सोमवारी एकटाच बसलो. नवरी जिन्यात रडतेय. म्हनलं, लाव रे मेल्या आता... आन जीभच चावली. समद्यांची लागली, सिरेल सपली, तर बायांना काय सांगून बोलवू?

म्हनून म्हनतो, लाव बाबा सिरेलवाल्या, लाव लग्नं... पन समदी एका मांडवात नको उरकू. एकेक लाव, सावकाश. चारच तर हायेत.