सहादेवमामांची लॉगशीट

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या कारखान्याचे चेअरमन माननीय काकासाहेब, व्यासपीठावरील संचालक मंडळी, आजचे सत्कारमूर्ती सहादेवमामा आणि जमलेल्या बंधू-भगिनींनो,

बावीस वर्षं पॉवरहाऊस सांभाळून मामा उद्या पुणतांब्याला, मुलाकडे निघालेत. शाल झाली, नारळ झाला. आता इलेक्ट्रिकल इंजिनिअरनं चार गोड शब्द बोलावेत, असं कार्यक्रमपत्रिकेत आहे. मला ते जमणार नाही, अध्यक्षमहाराज. मला आज वेगळंच सांगायचंय.

परसालचा उन्हाळा आठवतो ना? ऊसच नव्हता, हंगाम लवकर आटोपला, कारखान्याची वीज करणारं टर्बाइन बंद. कॉलनीचे दिवे आणि विहिरीवरचा पंप एका डिझेल जनरेटरवर चालत होता. त्यातच मारुतीच्या देवळात सप्ताह बसला. मंडपाचे दिवे, पंखे, लाउडस्पीकर, सगळं मी जवळच्या खांबावरच्या तीन फेजपैकी एकाच फेजवर टाकायला लावलं. वायर कमी लागली म्हणून मी खूश होतो.

दुसऱ्या दिवशी मामा लॉगशीट घेऊन आले. म्हणाले, "साहेब, एका फेजवर अठ्ठावन्न अँपिअर हायेत, बाकी दोनींवर बारा न् दहा. मशीन कण्हतंय. तासभर बंद ठिवा, निम्मं वझं दुसरीकडं घेतो."

मी म्हणालो, "मामा, सप्ताह अखंड असतो. तासभर बंद कसा ठेवायचा? आणि बेरीज करा की. ऐंशी होते. मशीनची ताकद एकशेऐंशीची आहे."

शिकलेला माणूस बेरीज करून मोकळा झाला. तिन्ही फेजवर ओझं सारखं असलं की जनरेटर सुखानं चालतो. एकीवरच पडलं की आतला फिरता भाग तापत जातो, थरथरतो, आणि बेरीज कितीही कमी असली तरी तो तापायचा थांबत नाही. मी हे पुस्तकात वाचलं होतं. मामांना ते मशीनवर हात ठेवून कळलं होतं. मी लॉगशीटवर सही केली आणि कीर्तनाला जाऊन बसलो.

सहाव्या दिवशी दुपारी जनरेटर जळाला. पंप थांबला. भर दुष्काळात अकरा दिवस कॉलनीतल्या बाया दोन मैलांवरून पाणी वाहत होत्या. चौकशीत मी सांगितलं, ऑपरेटरनं लक्ष दिलं नाही. मामांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि ते काहीच बोलले नाहीत. नंतर मी विचारलं, का बोलला नाहीत? तर म्हणाले, "तुमची नोकरी नवी हाय, साहेब. माझी संपत आली."

मामा, मान हलवू नका. आज बोलू द्या.

त्या अकरा दिवसांत गोजरमामींना, मामांच्या कारभारणीला, पाण्याच्या वाटेवर बाया तोंडावर म्हणायच्या, "तुझ्याच नवऱ्यानं जाळलं गं." मामी बायांबरोबर जायच्या थांबल्या. भर उन्हात एकट्या जायच्या, घागर घेऊन. पाणी आलं तरी त्यांनी कुणाच्या ओट्यावर पाय ठेवला नाही. या पौषात त्या गेल्या. तिरडीला खांदा द्यायला मीही होतो, आणि तेव्हाही मी गप्प होतो. त्याची मला फार लाज वाटते.

ती लॉगशीट मी वर्षभर ड्रॉवरमध्ये दडवून ठेवली. आज ती अध्यक्षांच्या हाती देतो. तीन आकडे मामांचे आहेत, खालची सही माझी आहे. मामांच्या सर्व्हिस बुकात 'निष्काळजीपणा' असा शेरा आहे. तो तिथून काढून माझ्या बुकात घालावा, एवढी विनंती आहे.

आपण शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल सर्वांचा ऋणी आहे. बोलण्यात काही उणंअधिक गेलं असेल तर सभेनं ते पोटात घालावं. मामांकडे मी माफी मागत नाही, ते लगेच देऊन टाकतील. जिच्याकडे मागायला हवी होती, ती माउली आज या सभेत नाही.