दोन मादाम देल्बेक

…नाही, नाही, ती टेप आधी खाली ठेवा बघू. काय मोजायचंय ते मीच सांगते. कंबर ना? बारीक आहे. आहेच बारीक. मी होते तेव्हा तशी. असं काय बघताय? म्हातारपणी माणूस आकसतं, हे तुमच्या संग्रहालयात शिकवत नाहीत का — हां, रुंदीला आकसत नाही, ते खरं. रुंदीला मी उलट — असू दे. आणि त्या भिंतीवरच्या फोटोकडे नका बघू, तो फोटो वाईट आलाय. त्यात मी नवऱ्याच्या खांद्यालासुद्धा पोचत नाही आणि हा गाऊन तुम्ही पलंगावर ठेवलात तर खाली जमिनीवर लोळतोय, हे मलाही दिसतंय. टाचा उंच असायच्या तेव्हा. इतक्या नसायच्या? बरं. नसतील. बसा. बसा म्हणते ना, पॅरिसच्या गाडीला अजून अवकाश आहे. तुमच्यासारख्या पांढरे हातमोजे घालून आलेल्या मुलीपुढे खोटं बोलायचं म्हणजे डॉक्टरपुढे पोट आत घेऊन उभं राहण्यासारखंच — आणि तेही मी करते, दर वेळी करते. माझा नाहीये हा गाऊन. झालं? गावातल्या सगळ्या बायकांना मी इतकी वर्षं सांगत आले, पॅरिसला शिवून घेतलेला माझा गाऊन, माझा गाऊन, आणि त्या बिचाऱ्या माझ्याकडे वरून खाली बघून केक पुढे करायच्या.

माझाही होता एक. त्याच दुकानातला, त्याच महिन्यातला. वाइनच्या रंगाचा, मखमली, खांदे झाकलेला. माझे खांदे झाकावे असेच होते, डावा उतरता आहे, आत्तासुद्धा बघा. त्याचं काय झालं? घातला ना मी तो! शिवणी उसवेपर्यंत घातला, मग मुलीनं बाहुल्यांच्या नाटकाला पडदा केला त्याचा. घातलेल्या गाऊनचं असंच होतं. संग्रहालयात न घातलेले जातात.

फिर्मँ, म्हणजे माझे यजमान — चिकोरीचा कारखाना आमचा. कॉफीत घालतात ती चिकोरी. श्रीमंत होतो, पण वास यायचा. भाजलेल्या मुळांचा वास केसांना, पडद्यांना, पाहुण्यांना. त्या वर्षी ब्रसेल्सला चिकोरीवाल्यांचं मोठं संमेलन होतं, रात्री बॉल, म्हणजे नाचाचा समारंभ, मंत्री येणार — हसू नका, चिकोरीला पण मंत्री असतो. आणि त्याच सुमाराला आमच्या लीलच्या व्यापारी चेंबरचा बॉल. फिर्मँ म्हणाला, "एदमे, लीलच्या बॉलला तू या वेळी पॅरिसहून गाऊन शिवून घे. ब्रसेल्सला मी एकटाच जातो, तिथे नुसती भाषणं आहेत, तुला कंटाळा येईल." आणि मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, "किती विचार करतोस रे माझा!" अगदी हेच शब्द. आज आठवलं की मलाच माझी कीव येते.

तर मी पॅरिसला. आधी मांजरपाटाचा कच्चा गाऊन अंगावर चढवतात, तो टाचतात, उसवतात, पेन्सिलीनं रेघा मारतात, आणि तुम्ही नुसतं खांबासारखं उभं राहायचं. मादाम ओर्तांस म्हणून होती, शिवणखात्याची मुख्य. तोंडात टाचण्या धरून बोलायची. मी पोट आत घेतलेलं. ती खाली गुडघ्यांवर बसून म्हणते, "मादाम, सोडा श्वास. तुम्ही आत घेतलेल्या पोटाचा गाऊन शिवून नेणार आणि नाचायला मात्र सोडलेलं पोट जाणार. माझं नाव बदनाम होईल." मी सोडला श्वास. तिच्या हातातली टाचणी उडाली. खरंच उडाली, मी वाढवून सांगत नाहीये, ती दिव्याखाली जाऊन पडली.

दुसऱ्या खेपेला गेले तेव्हा मला — कसं सांगू — संडासला जायचं होतं. त्या असल्या ठिकाणी विचारायची लाज वाटते. सगळ्या बायका अशा दिसतात की त्यांना कधी जावंच लागत नसेल. मी आपली अंदाजानं निघाले, चुकीचा जिना चढले आणि एका लांबट खोलीत पोचले. तिथे पुतळे. रांगेनं. तुम्हाला ठाऊकच असेल, प्रत्येक गिऱ्हाइकाचा वेगळा पुतळा करायचे. आधी सगळे लाकडी, सारखे, सुरेख, आणि मग जिथे जिथे तुम्ही जास्त आहात तिथे तिथे कापूस आणि पट्ट्या चढवत जायचं. गळ्याशी नावाची चिठ्ठी. मी माझा शोधला. लांबूनच ओळखला. पुष्कळ कापूस लागला होता माझ्यावर. डावा खांदासुद्धा उतरता केलेला, कौतुकच वाटलं मला. आणि त्याच्या शेजारी दुसरा, उंच, सडपातळ, कंबर अशी की दोन हातांत मावेल — आणि गळ्याशी चिठ्ठी, 'मादाम देल्बेक'.

आता कुठल्याही शहाण्या बाईला काय वाटलं असतं? आणि मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, हा आधीचा पुतळा आणि हा नंतरचा! गाऊन घातल्यावर मी अशी दिसणार, म्हणून त्यांनी नमुना करून ठेवलाय! मी इतकी खूश झाले — मी त्या बारीक पुतळ्याच्या गालावर — गाल नसतो त्याला, मानेवर — थोपटलं. खाली येऊन दालनातल्या बाईंना हसत विचारलं, "अहो, त्या दोघींतली मी कुठली?" त्या बाईंचा चेहरा बघायला हवा होता. म्हणाल्या, "दोघी? ती... ती मादामची जाऊ असेल." मला जाऊ नाही. फिर्मँला भाऊ नाही. मी म्हटलं, "हो का? बरं बरं." गाडीत बसले, पिशवीतला पाव काढला, अर्धा खाल्ला, आणि अर्धा हातात राहिला. तेव्हा कळलं. मी सावकाश समजणारी आहे, पण पोटात काहीतरी असलं की समजतं.

बोलले काय? कुणाशी? छे. मी लीलच्या बॉलची वाट बघत बसले.

मग खोके आले. दोन. त्याच नावाचे, म्हणून त्या भल्या माणसांनी एकाच पत्त्यावर धाडले. ब्रसेल्सच्या बॉलला 'मादाम देल्बेक' म्हणून जी उभी राहणार होती ना, तिचा हा. मी उघडला. बघा ना तुम्हीच — हात लावा, तुमच्या हातमोज्यांना परवानगी आहे. बर्फासारखा निळा. वरून काही नाही, नुसतं पाणी सांडल्यासारखं सॅटिन. उरेब, म्हणजे तिरकं कापलेलं, म्हणून असं अंगावरून ओघळतं. आणि आत बघा! आत सगळी बांधणी. जाळीची चोळी, त्यात काड्या, कमरेला वेगळा पट्टा, त्याचे हूक वेगळे, सगळं वजन त्या कमरेवर तोललेलं, म्हणून खांद्यावर पट्टी नसूनही खाली घसरत नाही. आणि छातीशी रेशमाच्या दोन इवल्या उशा शिवलेल्या. तेवढ्यावर मी फार दिवस जगले, मादमुआझेल. तिला उशा लागत होत्या, मला नाही.

आणि मग मी तो घातला. म्हणजे घालायला गेले. डोक्यावरून. सगळी काडी-बांधणी माझ्या दंडांशी येऊन अडकली — वर जाईना, खाली येईना, हात सरळ वर, तोंडावर सगळा घेर, आणि मी आरशासमोर एखाद्या मिटलेल्या छत्रीसारखी उभी. मोलकरणीला हाक मारावी तर ती गावभर सांगणार. आणि तेवढ्यात खालून फिर्मँ, "एदमे! पॅरिसहून खोका आला का गं?"

मी आतून, त्या सॅटिनच्या आतून म्हटलं, "आला!"

"एकच?"

बघा हं. त्या एका शब्दात सगळं होतं. मी श्वास घेतला, कुठेतरी एक टाका कट्‌ झाला, आणि मी म्हटलं, "एकच! किती हवे होते?"

पुढचे दिवस तो घरात असा फिरायचा, जशी किल्ली हरवलीय. छत्र्या ठेवायच्या भांड्यातसुद्धा वाकून बघितलं त्यानं. छत्र्यांच्या भांड्यात, गाऊन! मी विचारलं, "काय शोधतोस?" तर म्हणे, "काही नाही, चष्मा." चष्मा नाकावर.

ती स्वतःच आली. दुपारची. दुकानात चौकशी केली, त्यांनी सांगितलं, मादाम देल्बेकच्या घरी पोचवलाय. युगेत तिचं नाव. मला वाटलं होतं, कुणीतरी नटी असेल, फरचा कोट, लालभडक ओठ. तर साधा रेनकोट, ओघळलेले मोजे, अंगाला लवंगेचा वास — दाताच्या डॉक्टरांकडे मदतनीस होती. उंच मात्र फार. दारात उभी राहून म्हणाली, "मादाम, तुमच्याकडे माझं काहीतरी आहे." यावर काय फक्कड उत्तर होतं! "तुमच्याकडेही माझं काहीतरी आहे!" — ते मला रात्री सूप पिताना सुचलं. दारात मी म्हटलं, "कॉफी घ्याल?" आणि वर म्हटलं, "चिकोरी घातलेली चालेल ना?" ती म्हणाली, "सवय आहे."

कप ठेवून म्हणाली, "न्यायला नाही दिलात तरी चालेल. एकदा बघू द्या फक्त. कच्चा असतानाच घातलाय मी, पुरा झालेला पाहिलाच नाही." आता मी नाही म्हणायला हवं होतं. पण असा गाऊन एकटीला घालता येत नाही, पोरी — तुला 'पोरी' म्हटलं तर चालेल ना — कुणीतरी मागे लागतंच. आधी तो कमरेचा पट्टा, मग चोळीचे हूक, मग बाजूचे. माझी बोटं जाड, हूक बारीक. तिच्या पाठीवर काटा आला होता. मी म्हटलं, "श्वास सोडा, नाहीतर मादाम ओर्तांस रागावेल." ती म्हणाली, "तुम्हालाही ती असंच म्हणायची?" म्हटलं, "तुम्हाला म्हणायची गरज काय होती? तुम्हाला पोटच नाही."

आणि मग ती आरशाकडे वळली. मी पलंगावर बसले. दुसरं काय करणार? मला राग यायला हवा होता, मी वाटही बघितली, पण आला नाही. असं काहीतरी सुंदर आपल्या घरात, आपल्या आरशात — बघतच राहिले. ती मात्र हसली नाही. म्हणाली, "तो म्हणाला होता, ब्रसेल्समध्ये फार बोलू नकोस. नुसती उभी राहा."

मी म्हटलं, "मलाही तेच सांगतो! लग्न झाल्यापासून!"

मग जे हसू फुटलं — तिला आधी, मग मला. त्या गाऊनमध्ये हसता येत नाही, आतल्या काड्या सोडत नाहीत. ती पोट धरायला गेली तर हात घसरायचा. म्हणाली, "मादाम, यात संडासला कसं जायचं?" मी म्हटलं, "बाई गं, त्याच प्रश्नापायी तर मला सगळं कळलं!" आणि तिला पुतळ्यांचं सांगितलं, थोपटल्याचं सुद्धा. एक हूक उडाला. तो बघ, तिथला, काळ्या दोऱ्यानं मी लावलाय, वेडावाकडा. माझी शिलाई.

आणि दारात फिर्मँ. कधी आला कुणास ठाऊक. ती निळ्या गाऊनमध्ये, मी पलंगावर, दोघींच्या डोळ्यांत पाणी. त्यानं तिच्याकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं नाही, कपाटाकडे बघत म्हणाला, "मी... जरा गाडीचं बघतो." आणि खाली जाऊन गाडीत बसला. जेवायची वेळ होईपर्यंत बसला. सुरू नाही केली, नुसता बसला. मीच बोलवायला गेले, सूप निवत होतं.

ती गाऊन इथेच ठेवून गेली. म्हणाली, "मी कुठे घालणार?" ब्रसेल्सला मी गेले, माझ्या वाइनच्या रंगात. खूप बोलले. मंत्र्यांशीसुद्धा बोलले, चिकोरीबद्दल, त्यांना काहीच माहीत नव्हतं. फिर्मँनं त्या दुसऱ्या गाऊनच्या पेटीबद्दल कधी विचारलं नाही. इथेच होती, या कपाटावर, मरेपर्यंत त्याच्या उशाच्या समोर. मी हलवली नाही. का नाही हलवली? — ते तुझ्या कामाचं नाही.

नंतर ऐकलं, ती रुआँला गेली. मी शोधलं तिला. कशाला विचारू नकोस. मला तेव्हा कुणी — म्हणजे मैत्रिणी होत्या, केकवाल्या होत्या, पण तसं हसायला कुणी नव्हतं. रुआँमध्ये दाताचे डॉक्टर किती असतील? मी एकेकाकडे गेले. दोन चांगले दात भरून घेतले, बघ, हा आणि हा. काही झालं नव्हतं त्यांना. तिसऱ्या ठिकाणी, खुर्चीत बसवून सुई दिल्यावर, आतलं दार उघडलं तर पांढऱ्या कोटात युगेत. जाड झाली होती! माझ्याइतकी! देवा, काय बरं वाटलं मला. आणि लगेच इतकं वाईट वाटलं की उठून पळावंसं वाटलं. पण खुर्चीत बसवलेलं, तोंडात कापूस, अर्धा जबडा बधिर. रस्ताभर जे काय पाठ केलं होतं ते सगळं कापसामागे. ती आरसा घेऊन वाकली. कागदावर नाव होतंच तिच्यासमोर. म्हणाली, "उघडा तोंड, मादाम देल्बेक. अजून." तेवढंच. काम झाल्यावर तिनं माझ्या हनुवटीवरचं पाणी पुसलं, सावकाश, गरजेपेक्षा जरा जास्तच सावकाश, आणि म्हणाली, "बधिरपणा जाईपर्यंत काही खाऊ नका." आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

मी स्टेशनवर क्रीमचा केक घेतला आणि खाताना स्वतःचा गाल चावला. रक्त आलं, मी रडत होते, आणि अर्धं तोंड बधिर, त्यामुळे काय गळतंय तेच कळेना. समोरच्या बाकावरचा माणूस उठून दुसरीकडे जाऊन बसला.

काय? नाही, परत नाही गेले. तिनं ओळखलं होतं की नाही — कसं ओळखणार नाही! — पण नाहीच ओळखलं असेल तर? जाऊ दे. गुंडाळ तो. नीट, तो निळा कागद मध्ये घाल. त्याच्या चिठ्ठीवर नावगाव काय लिहायचं ते तुमच्या साहेबांना विचार, मला नको विचारूस, मी आज खूप बोललेय. आणि रडू नकोस तिथे उभी राहून, सॅटिनवर डाग पडतो. ऊठ. दार जरा अडकतं, जोरात ओढ. जा आता. — जा म्हटलं ना.