घेतले नाही

...आन् लिहिलं काय त्या पुन्याच्या बाईनं, तर 'आईने मुलीला घेतले नाही'. मी चौथी शिकली आहो, वाचता येते मले. घेतले नाही म्हने. पन काहून घेतलं नाही, हे कागदाले कोन सांगावं?

ब्याऐंशी सालची गोष्ट. धानाचा रोवना आटोपला, आन् आमच्या आंधळगावात जीपमंधून ह्या बाई आल्या. लेकराले मायची ओढ किती, ते त्याइले तपासाचं होतं. माही ललिता अकरा महिन्याची. बाई म्हने, "एक रिकामी खोली द्या." रिकामी? आमच्या घरी चौदा मानसं, पोते ठेवाले जागा नाही! बसवलं मंग ओसरीवरच. तिथं माहे सासरे, गोमाजी, भिताडाले टेकून अंबाडीचा दोर वळून राहिले होते.

बाई म्हने, "आई, तुम्ही बाहेर जा हं. मूल रडेल, घाबरू नका." गेली मी. दाराआड फटीतून पाहत उभी... रडतेच कायले? सकाळी माह्या जावेजवळ, दुपारी सासूजवळ, मंग शेजारच्या रुखमाजवळ, हातोहात फिरनारं लेकरू ते! बाईचा चष्मा ओढला न् हासली. बाई म्हने, "अगंबाई, हिला आईची आठवणच नाही!"

तुमाले सांगतो, दीड महिना मी रोवन्यासाठी दिवसभर धानाच्या बांधीच्या चिखलात, लेकरू घरी... खरंच इसरली का काय मले? लेकरू नाही, मीच रडली दाराआड. मायच्या रडन्याचा रकाना नव्हता न त्याइच्याजवळ. आता हे कागदाले कोन सांगावं?

मंग बाईनं परत बलावलं. पाहतो त काय, चष्मा फेकून ललिता रांगत सुटली, सीधी माह्याकडे, लुगडं धरून उभी, दोन्ही हात वर! आन् घेऊ कशी? सासरे समोर बसले. आमच्यात सून सासऱ्यासमोर आपलं लेकरू उचलत नाही, लाज असते. जावेचं दहा वेळा उचलीन, आपलं नाही. पदर ओढला न् उभी राहिली. खाली पोरगी रडून राहिली, आता रडली ते, आन् बाई घड्याळ पाहून राहिली. हे कागदाले कोन सांगावं?

तेवढ्यात सासऱ्याले खोकला आला. दोर ठेवला, उठले, आंगनात जाऊन पाठमोरे उभे राहिले. झपकन उचलली मी पोरीले, गालाले गाल लावला... पन बाई लिहून मोकळ्या; कागदाची घडी करताना वाचलं मी, 'घेतले नाही'. मी म्हनलं, "बाई, लिहा न, घेतली म्हून." त्या म्हने, "वेळ संपली हो."

तवापासून रोज दिवेलागनीले सासऱ्याले खोकला येऊ लागला. घडीभर आंगनात जाऊन उभे राहाचे. सासूनं काढे देऊन पाहिले, अडुळसा झाला, मध झाला, खोकला काही गेला नाही. तेवढ्या वेळात मी पोरीले घेऊन बसाची. पुन्याच्या त्या कागदावर मात्र मी अजून उभीच आहो.