तीन प्लस चार आय

ठाणे स्टेशनबाहेर बसच्या रांगेत अकरा माणसं, दोन सुटकेस आणि तुळशीची एक कुंडी होती. विनीतच्या पुढे एक मुलगी मोठ्या भावाला वही दाखवत होती.

"दादा, हा पॉइंट, तीन प्लस चार आय. शून्यापासून अंतर काढलं."

"किती आलं?"

"मायनस सातचं वर्गमूळ."

"कल्पिता, अंतर असं कसं असेल?"

"चार आयचा वर्ग मायनस सोळा, त्यात तीनचा नऊ. नंबर इमॅजिनरी, मग अंतर पण इमॅजिनरी."

"मॅथ्सला दोनदा उडालीयस. आज परत उडालीस तर वर्ष गेलं."

"म्हणून तर विचारतेय ना!"

"बरं. ही रांग म्हणजे रिअल नंबरांची रेषा. मी शून्य."

"ते घरात सगळ्यांना माहितीये."

"तीन फरश्या पुढे जा."

"ओ ताई, मध्ये घुसू नका."

"काका, घुसत नाहीये ती. आता चार फरश्या बाजूला जाईल, रांगेच्या बाहेर. तो आयचा अक्ष."

"मुली, जागा गेली तर मला बोलायचं नाही हं."

"नाही काकू. दादा, पोचले. आता?"

"ओढणीचं एक टोक फेक इकडे. ताण. तुझ्याकडे जिथे आलीय तिथे चिमटीत धर, आणि इथे फरश्यांच्या ओळीवर सरळ टाकून मोज."

"अरे, बस आली."

"येऊ दे. आधी मोज."

विनीतने ओळीवरची आपली बॅग उचलली.

ओढणी पाच फरश्या भरली.